पाणी जोखणे

दिवाळीच्या पहिल्या पहाटे आमच्या कोल्हापूरच्या घरी एक वाद ठरलेला असे. न्हाणीघराच्या दाराशी तांब्याचा बंब धडधडत असावयाचा, उटण्याचा वास दरवळत असावयाचा आणि माहेरपणाला आलेल्या आमच्या आत्याबाई आतून ओरडत, "अगं वहिनी, काय बाई तुमचं हे पाणी! चार तांबे घेतले तरी साबण अंगावरनं उतरत न्हाई. नुसतं बुळबुळ, बुळबुळ!" आत्याबाईंना दिले होते शिरोळकडे. त्यांच्या घरी विहिरीचे पाणी. माझी आई तिकडे गेली की तिची तक्रार नेमकी उलट असे. "वन्सं, वडी अर्धी झिजली, पण फेसाचं नाव नाही!" पुढे डाळीवर गाडी येई. आत्याबाईंकडे तुरीची डाळ शिजता शिजत नसे आणि त्यांच्या बंबाच्या आत पांढरा थर इतका जाड बसे की तो ठोकून काढावा लागे. दोघींचेही बोलणे खरे होते. एकाच जिल्ह्यात, पन्नास-साठ किलोमीटरांच्या अंतरात, दोन वेगळी पाणी नांदत होती. आम्ही मुले ते भांडण ऐकून हसत असू. त्या भांडणात रसायनशास्त्राचा एक मोठा अध्याय दडलेला आहे, हे कळण्यास मला साठ वर्षे लागली. कळले तेही एका दुःखद प्रसंगाने.

२०१९ सालचा ऑगस्ट महिना कोल्हापूरकर विसरणार नाहीत. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट मानतात. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. चोहीकडे पाणीच पाणी आणि नळ मात्र कोरडे, कारण पाणी उपसणारी यंत्रेच पुरात बुडाली होती. वीजही येऊन-जाऊन. आमच्या नातीची एक काचपेटी होती. फिश टँक म्हणतात ती. तीन वर्षांची जुनी, अकरा माशांची. विजेअभावी तिचा पंप बंद पडला, पाणी गढुळले, मासे वर येऊन तोंडे उघडू लागले. नात रडवेली झाली. तेव्हा मीच शहाणपणा केला. शेजारच्या वाड्यातील बोअरचे स्वच्छ, थंड, काचेसारखे नितळ पाणी दोन बादल्या आणून पेटीतले अर्धे पाणी पालटले. संध्याकाळी मासे तडफडू लागले. सकाळी अकरातले दोन गप्पी तेवढे उरले होते.

नात नऊ वर्षांची. ती मला म्हणाली, "आजोबा, मी काल जास्त खाऊ घातला म्हणून मेले का हो ते?" मी तिला "नाही गं" म्हणालो, पण मग कशाने मेले हे मला सांगता येईना. पाणी तर स्वच्छ होते. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जो इतिहास हाती आला तो येथे मांडीत आहे.

आत्याबाईंच्या साबणापासून आरंभ करू. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही त्याला आपल्या जुन्या शालेय पुस्तकांत 'दुष्फेन' आणि ज्यात तो सहज येतो त्याला 'सुफेन' अशी मोठी समर्पक नावे होती. बोलीभाषेत आपण जड पाणी आणि हलके पाणी म्हणतो. पाणी जड होते ते मुख्यतः त्यात विरघळलेल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या क्षारांमुळे. साबण आधी या क्षारांशी गाठ घालून त्याचा चोथा होतो. क्षार संपले की मग उरलेल्या साबणाचा फेस. शिरोळची वडी अर्धी झिजे ती यापायी.

पण चुनखडी पाण्यात विरघळत नाही, मग ती दिसेनाशी होऊन पाण्यात राहते कशी? हे कोडे हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने १७६७ साली सोडविले. लंडनमधील एका पंपाचे पाणी त्याने तपासले. त्याला आढळले की, पाण्यात विरलेला कर्बवायू, म्हणजे आजचा कार्बन डायऑक्साइड, चुनखडीला विरघळवून ठेवतो. पाणी उकळले की वायू उडून जातो आणि चुनखडी भांड्याच्या बुडाशी बसते. आत्याबाईंच्या बंबातील पांढरा थर तो हाच. उकळून जाणारा हा जडपणा तात्पुरता. जिप्समसारख्या सल्फेटांमुळे आलेला जडपणा उकळूनही जात नाही, म्हणून तो कायमचा.

पुढे १८४१ साली ॲबर्डीनच्या थॉमस क्लार्क या प्राध्यापकाने जड पाणी हलके करण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. युक्ती अशी की पाण्यातला चुना काढण्यासाठी त्यात आणखी चुना घालावयाचा! तो कर्बवायूला धरतो आणि सारी चुनखडी खाली बसते. काट्याने काटा काढण्याचे याहून चोख उदाहरण सापडणे कठीण. त्याच क्लार्कने जडपणा मोजण्याची रीतही दिली. साबणाचे ठरावीक द्रावण थोडे थोडे घालून पाणी हलवावयाचे आणि टिकाऊ फेस येईपर्यंत किती लागले ते पाहावयाचे. म्हणजे आमच्या न्हाणीघरातला तंटाच त्याने मोजपट्टीवर आणला. पुढे जर्मनांनी आपला अंश ठरविला. एका लिटरात १० मिलिग्रॅम कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजेच १७.८ मिलिग्रॅम चुनखडीइतका क्षार, तो एक अंश. मासे पाळणारे जगभर आजही हा जर्मन अंश वापरतात.

जडपणा झाला, आता सामू. इंग्रजीत ज्याला पीएच म्हणतात त्यास मराठीत सामू म्हणतात. शेतकऱ्यांना हा शब्द माती परीक्षणाच्या कागदावरून चांगला परिचयाचा आहे. पाणी आम्लाकडे झुकते की अल्काकडे, हे त्यावरून कळते. ही परीक्षा आपल्या बायकांना फार पूर्वीपासून ठाऊक होती, नाव तेवढे ठाऊक नव्हते. हळदीचा डाग साबणाने धुवायला घेतला की लालभडक होतो आणि लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. हळदीचे कुंकू होते तेही चुन्यासारख्या अल्काच्या संगतीने. जास्वंदीच्या लाल पाकळ्या उकळून काढलेले पाणीही असेच रंग पालटते. लिंबाने गुलाबी-लाल, सोड्याने हिरवट. दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी हा खेळ जरूर करून पाहावा.

या रंगांच्या खेळाला आकड्यांची शिस्त लावली सोरेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञाने. कोपनहेगनला कार्ल्सबर्ग या बिअरच्या कारखान्याची प्रयोगशाळा होती. तेथे काम करताना १९०९ साली त्याने ही मोजपट्टी मांडली. इकडे शाहू महाराजांच्या मनातले राधानगरीचे धरण आकार घेऊ लागले होते, तोच हा काळ. सोरेन्सनच्या पट्टीवर ७ म्हणजे समतोल, खाली आम्ल आणि वर अल्क. मात्र एक खूण लक्षात ठेवावी. येथे एका आकड्याचा फरक म्हणजे दहापट आणि दोन आकड्यांचा म्हणजे शंभरपट. ६ आणि ८ हे आकडे दिसतात शेजारी, पण त्यांत शंभरपटीचे अंतर आहे. माझ्या हातून झालेला अपघात याच अंतरात घडला.

आपल्याकडे म्हण आहे की ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये. ऋषींचे ऋषी जाणोत, पण मासे पाळणाऱ्याला नदीचे मूळ विचारल्यावाचून गत्यंतर नाही. आमच्याच जिल्ह्याचे पाहा. पश्चिमेला गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस कोसळतो. पूर्वेला शिरोळला तो जेमतेम पाचशेच्या आसपास. आकाशातून पडणारे पाणी क्षाररहित, आणि हवेतला कर्बवायू घेऊन येत असल्याने किंचित आम्ल असते. त्याचा सामू साधारण ५.६. सह्याद्रीच्या माथ्यावरचा जांभा दगड लक्षावधी वर्षांच्या पावसाने आधीच धुऊन निघालेला, त्यात चुना जवळजवळ उरलेला नाही. खालचा काळा कातळ क्षार देतो, पण सावकाश. वेगाने धावणाऱ्या ओढ्याला तो घेण्यास सवड कोठली? म्हणून कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांचे पाणी पावसाळ्यात हलके असते. त्या चिखलीच्या प्रयागाजवळ एक होतात आणि पंचगंगा म्हणून नरसोबाच्या वाडीला कृष्णेस मिळतात. पाचवी सरस्वती गुप्त मानतात.

हेच पाणी जमिनीत मुरले की गोष्ट पालटते. कातळाच्या भेगांतून आणि चुनखडीच्या खड्यांनी भरलेल्या काळ्या मातीतून ते वर्षानुवर्षे झिरपते, मातीतला कर्बवायू घेते आणि क्षार गोळा करीत जाते. विहिरीचे आणि बोअरचे पाणी नितळ दिसते, पण रिकाम्या हाताने आलेले नसते. शिरोळ भागात ऊस आला, बारमाही पाणी आले, निचऱ्याची वाट राहिली नाही आणि कित्येक शिवारे क्षारपड झाली. सामू ८.५ च्या वर गेलेल्या मातीला शेतकरी चोपण म्हणतो. तेथे पीक तग धरीत नाही. आत्याबाईंच्या सासरचीही काही जमीन अशीच गेली. साबणाची तक्रार करणाऱ्या त्या बाईने जमिनीची तक्रार मात्र माहेरी कधी केली नाही.

शहरातला आमचा लाडका रंकाळाही या हिशेबातून सुटत नाही. सांडपाण्याने पोसलेले शेवाळ उन्हात पाण्यातला कर्बवायू ओढून घेते, त्यामुळे दिवसा सामू चढतो आणि रात्री उतरतो. पाण्यातल्या जिवांनी या हेलकाव्यावर रोज झुलावयाचे. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती पाण्यात गेल्या की त्यांचे जिप्सम होते, म्हणजे उकळूनही न जाणारा तो कायमचा जडपणा. कोल्हापुरात मूर्तिदानाची चळवळ रुजली, तिच्यामागे श्रद्धेइतकेच हे साधे रसायनही आहे.

आता काचपेटीकडे येऊ. कोणता मासा कोणत्या पाण्यात राहतो, हे पाहण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. कोल्हापुरास शिलाहार राज्य करीत होते त्या बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, 'मानसोल्लास' रचला. त्यात मत्स्यविनोदाचे प्रकरण आहे. कोणते मासे समुद्राचे, कोणते नदीचे, कोणते खवल्यांचे आणि कोणास काय आमिष लागते, हे त्याने नोंदविले आहे. कंपनी सरकारचा कर्नल साइक्स दख्खनभर हिंडला आणि १८३९ साली येथील माशांवर त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याने कोळ्यांच्या तोंडची मराठी नावेच शास्त्रीय नावांत घेतली. खुदरी, गोगरा, शिंगटी ही आपली नावे आज लॅटिन वेशात जगभर वावरत आहेत. खास कोल्हापूरच्या माशांची यादी कलावार आणि केळकर यांनी १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात दिली.

मासा काचेत ठेवून तो जगवावयाचा कसा, याचा पहिला पद्धतशीर प्रयोग लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञाने १८५० साली प्रसिद्ध केला. त्याच्या पेटीत होते दोन सोनमासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि काही गोगलगाई. वनस्पती माशांना प्राणवायू देणार, मासे वनस्पतीला खत देणार आणि कुजका पाला गोगलगाई खाणार, असा तो संसार. चार वर्षांनी फिलिप गॉस याने या विषयावर पुस्तक लिहून 'ॲक्वेरियम' हा शब्द घराघरांत नेला. मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हा मुंबई पाहण्यास गेलेल्या कोल्हापूरकराच्या यादीत राणीच्या बागेबरोबर त्याचाही समावेश झाला. परतताना कुणी कुर्ल्याच्या बाजारातून पिशवीत चार रंगीत मासे आणी. ते चार दिवसांत मरत आणि मग "आपल्याला मासे लाभत नाहीत" असा घरातला निकाल लागे!

न लाभण्याचे खरे कारण निऑन टेट्रा या इवल्याशा माशाने शौकिनांना शिकविले. अंगावर निळी रेघ आणि शेपटीकडे लाली असलेला हा मासा ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातला. १९३६ साली त्यास शास्त्रीय नाव मिळाले आणि युरोप-अमेरिकेतील शौकीन त्याच्यासाठी वेडे झाले. मासा पेटीत जगे, पण त्याची पिल्ले काही केल्या होईनात. अंडी वाया जात. कळले ते असे की, तो जेथला आहे तेथले पाणी जंगलाच्या पाल्यातून झिरपलेले, आम्ल आणि अतिशय हलके असते. एक-दोन जर्मन अंशांचे असे पाणी दिले आणि उजेड मंद ठेवला, तेव्हा अंडी टिकू लागली. उलट आफ्रिकेतील टांगानिका सरोवराच्या पाण्याचा सामू ९ च्या घरात. तेथल्या माशाला निऑनच्या पाण्यात घातले तर तो कासावीस होईल. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आपण हौदात सोडतो तो गप्पीही जड पाण्यातच खुलतो. ज्याचे त्याचे पाणी ज्याला त्याला.

या जाणिवेचे सर्वांत नाजूक उदाहरण आमच्या शेजारीच आहे. आंबोलीला हिरण्यकेशीचा उगम होतो आणि मग ती आजरा-गडहिंग्लजकडे आमच्या जिल्ह्यात उतरते. त्या उगमावरच्या देवळाच्या कुंडात संशोधकांना एक नवा मासा सापडला. २०२० साली त्याला 'शिस्तुरा हिरण्यकेशी' असे नाव दिले गेले. रंगाने देखणा, म्हणजे बाजाराच्या नजरेत भरणारा. शासनाने २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. त्या माशाचा शास्त्राला मिळालेला पत्ता एवढाच, एका झऱ्याचे पाणी.

आता नातीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया हे विष निघते. पेटीतले सूक्ष्म जंतू त्याचे निरुपद्रवी क्षारांत रूपांतर करतात, पण तसे करताना थोडे आम्ल तयार होते. पाण्यात पुरेसे बायकार्बोनेट असेल तर ते हे आम्ल झेलते. आमच्या नळाच्या हलक्या पाण्यात ते मुळातच कमी. तीन वर्षांत ते संपले आणि पेटीचा सामू हळूहळू ६ च्या आसपास उतरला. मासे सवयीने सोसत राहिले. पंप बंद पडला तेव्हा अमोनिया साचला, परंतु आम्ल पाण्यात त्याचे बहुतेक अमोनियम होते आणि ते फारसे विषारी नसते. सामू ६ असताना उघडा अमोनिया हजारात एक भागही नसतो. मी बोअरचे पाणी ओतून सामू तासाभरात ८ कडे नेला. तेथे तो शंभरात पाच भाग होतो. निद्रिस्त विष मीच जागे केले. खाऊ निमित्त नव्हता, पाण्याची घाण निमित्त नव्हती. निमित्त होते आजोबांचे न जोखलेले पाणी. मी तिला तसे स्पष्ट सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मग पुढच्या वेळी आधी मोजू या."

मोजणे आता सोपे आहे. १९४० च्या दशकात झुरिकच्या श्वार्झेनबाख यांनी जडपणा मोजण्याची नवी रीत काढली. तिच्यामुळे साबणाची कटकट गेली. दुकानात मिळणाऱ्या बाटलीतले थेंब मोजीत पाण्याचा रंग पालटण्याची वाट पाहावयाची, जितके थेंब तितके अंश. जे घरी मासे पाळतात त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी सांगतो. पहिली, आपल्या नळाचे पाणी आधी मोजा आणि मग त्याला मानवणारा मासा आणा. माशासाठी पाणी बदलत बसण्यापेक्षा हे शहाणपणाचे. दुसरी, पाणी फार हलके असेल तर १०० लिटरांस ३ ग्रॅम खाण्याचा सोडा बायकार्बोनेटचा एक अंश वाढवितो. शिंपल्यांचा चुरा गाळणीत ठेवला तर तेच काम सावकाश होते. तिसरी, पाणी फार जड असेल तर त्यात स्वच्छ धरलेले पावसाचे पाणी मिसळा. जडपणा उतरला की बदामाच्या झाडाची वाळलेली पाने सामू थोडा खाली आणतात. चौथी आणि मुख्य, काहीही एकदम करू नका. आठवड्याला पाव हिस्सा पाणी पालटा आणि नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालविल्यावाचून ते ओतू नका. मासा चुकीच्या आकड्याला पुष्कळदा सरावतो, पण अकस्मात उडीला नाही.

२०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर कोल्हापुरात एक नवे पाणी आले. काळम्मावाडीच्या धरणातून पन्नास किलोमीटरांहून लांब नळाने दूधगंगेचे पाणी थेट शहरात पोचले. वर्षानुवर्षे वाट पाहिलेली गोष्ट. घरोघरी त्याच्या गोष्टी चालल्या होत्या. आमच्या घरी ते पाणी पहिल्यांदा नळाला आले तेव्हा नात, जी आता तेरा वर्षांची झाली होती, परीक्षानळी घेऊन न्हाणीघरात शिरली. बंब केव्हाच गेला, त्या जागी गॅसचा गीझर आहे. मी उटणे लावून थंडीत कुडकुडत बाहेर उभा. आत थेंब मोजणे चालले होते.

"आबा, थांबा जरा, रंग पालटतोय," ती आतून म्हणाली. मग तिने आकडा वहीत लिहिला, तारीख घातली आणि दार उघडले.

पेटीत त्या वेळी दोन म्हाताऱ्या गप्पींची नातवंडे-पतवंडे पोहत होती.